लष्करात फौजीला खोली मिळेल का?

प्रति,
ग्वाल्हेरमधल्या मराठी संस्थांचे विश्वस्त, देवस्थानांचे पंच आणि शहराच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांचे मालक व वारस यांस,

सा. न. वि. वि.

आपल्यापैकी पुष्कळांना मी खिडकीच्या जाळीतून ओळखते. एका बँकेत पेन्शनच्या खिडकीवर मी बावीस वर्षं बसले. नोव्हेंबर लागला की हयातीचे दाखले सुरू व्हायचे आणि जीवाजीगंजापासून थाटीपूरपर्यंतचं सगळं निवृत्त ग्वाल्हेर मफलर गुंडाळून माझ्यापुढे रांगेत उभं राहायचं. त्यात आपले वडील असत, काका असत, कोणाची आई फॅमिली पेन्शनला येई. त्या ओळखीच्या हक्कानं लिहिते आहे. मागणी सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पुढे वाचायचं नाही त्यांची चहाची वेळ चुकायला नको. मला एक वाडा हवा आहे. विकत नको, दान नको. सहा खोल्या राहण्याजोग्या होतील असा, सध्या कुलूप लागलेला एक वाडा, पाच वर्षांच्या करारावर. फौजेत नोकरी करून आलेली आणि आज उघड्यावर किंवा रैन बसेऱ्यात (बेघरांच्या रात्रनिवाऱ्यात) झोपणारी माणसं त्यात राहतील.

जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष कलेक्टरसाहेब असतात. त्यांना हिंदीत वेगळा अर्ज दिलेला आहे आणि पोचेवर शिक्का घेतलेला आहे (खिडकीवरची सवय, पोच घेतल्याशिवाय हात रिकामा करायचा नाही). हे पत्र मराठीत लिहायचं कारण इतकंच, की ज्या कुलपांबद्दल मी बोलते आहे त्यांच्या किल्ल्या मराठी घरांत आहेत.

गेल्या वर्षी जानेवारीत आमच्या भजनी मंडळातर्फे आम्ही पाचजणी स्टेशनकडच्या एका रैन बसेऱ्यात ब्लँकेटं वाटायला गेलो होतो. ब्लँकेटं पातळ होती, हेही कबूल करते. आत तीस-चाळीस गाद्या, त्यांवर जसं अंथरुण पडावं तसं पडलेलं. कोपऱ्यातली एक गादी मात्र निराळी. कांबळ्याची घडी अशी की चारी कडा एकावर एक, जणू फुटपट्टी लावून केलेली. उशाशी थाळी, मग आणि साबणाची वडी एका ओळीत. गादीच्या पायथ्याशी बूट, टाचा भिंतीकडे आणि नाड्या आत खोचलेल्या. एका बुटाचा तळ सुटला होता, पण वरून पॉलिश केलेलं होतं. स्टेशनवर बूट-पॉलिशवाल्याकडून उरलेली डबी मागून आणत, हे नंतर कळलं.

मी नाव विचारलं. उत्तर नाही. रजिस्टरात त्यांच्या नावापुढे नुसतं 'बाबा' लिहिलेलं. गाव विचारलं, तेही नाही. मग बावीस वर्षांच्या सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "नंबर?" आणि तो माणूस उठून उभा राहिला. दोन्ही हात पायजम्याच्या शिवणीला लागले, हनुवटी वर झाली, आणि नंबर, रँक, नाव, पलटण सगळं एका दमात बाहेर आलं. मग पुन्हा खाली बसले आणि कांबळ्याची घडी नीट केली.

फौजी नंबराच्या पहिल्या आकड्यांवरून माणूस कुठल्या रेजिमेंटचा ते कळतं, खिडकीवर बसून मला ते पाठ झालेलं आहे. मी तो नंबर ब्लँकेटांच्या बिलाच्या पाठीवर उतरवून घेतला, अर्जावर त्यांचा अंगठा घेतला आणि जबलपूरच्या रेकॉर्ड ऑफिसला रजिस्टर पोस्टानं पाठवला. साडेचार महिन्यांनी उत्तर आलं. नऊ वर्षं आणि काही महिन्यांची नोकरी, घरगुती अडचणीमुळे स्वतःच्या अर्जावरून डिस्चार्ज, वर्तनाच्या रकान्यात 'व्हेरी गुड'. पेन्शन नाही. जवानाला पेन्शन बसायला पंधरा वर्षं भरावी लागतात. एकरकमी जी ग्रॅच्युइटी मिळाली असेल ती कधीच संपली. घरची ती अडचण काय होती, हे मी अजून विचारलेलं नाही.

आता जरा आपल्या गावाची नावं मोठ्यानं म्हणून बघा. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला. तो तळ उठलाच नाही, त्याचंच गाव झालं आणि नाव राहिलं लष्कर. कंपू म्हणजे महादजींच्या कवायती पलटणींचा जथा. शिंदे की छावणी सांगायलाच नको. हुजुरात म्हणजे सरकारची खास फौज, पागा म्हणजे तिची घोडी. स्टेशनजवळचा पडाव हा पडावच. सरदारांचे गोट, म्हणजे तळ, होते, त्यांची हिंदी जिभेवर 'गोठ' झाली, आणि पुण्याहून नवीन आलेल्या सुनेला वाटतं की निंबाळकर की गोठ म्हणजे तिथे निंबाळकरांच्या म्हशी बांधत असतील. (माझ्या वहिनीला वाटलं होतं.) आपण ज्या वाड्यांची घरपट्टी भरतो, ते वाडे फौजेच्या हजेरीपटावरून मिळालेले आहेत. या गावात घर मिळण्याची मूळ अट एकच होती, फौजेत असणं. मराठेशाहीत लढाईत पडलेल्याच्या पोराबाळांना बालपरवेशी, म्हणजे सांभाळाची नेमणूक, मिळे, हे आपण ऐकलेलं असेल. काहींच्या घरी त्याचे कागदही असतील, ट्रंकेत, नॅप्थालीनच्या गोळ्यांसकट.

आणि आज त्याच लष्करात, महाराज बाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, फौजेतला माणूस दुकानाच्या फळीवर झोपतो. वाडे ओस आहेत. वारस पुण्यात, बंगळुरात, एकदोन तर न्यू जर्सीत. चौकात कडुनिंब वाढलेला, कबुतरांनी दिवाणखाना घेतलेला, आणि दरवर्षी पावसाळ्यात एक भिंत कमी होते. मी हे टोचून बोलत नाही. माझ्या माहेरच्या वाड्याचंही तेच झालं. आम्ही चार भावंडं दाव्यात भांडत राहिलो आणि निकाल लागायच्या आत छत लागलं, म्हणजे खाली लागलं.

हे लोक येतात कुठून, असं मला आमच्याच मंडळात विचारलं गेलं. आपला शेजार भिंड-मुरैनाचा. तिकडे घरटी एक फौजी असं म्हणतात, आणि फारसं चुकत नाहीत. जवान पस्तीस-चाळिशीत घरी येतो. ज्या वयात बँकेतल्या माणसाला पहिली बढती मिळते त्या वयात त्याची नोकरी संपलेली असते. गावी येतो तेव्हा जमिनीचा सातबारा, तिकडे खसरा म्हणतात, भावाच्या नावावर झालेला असतो. सुभेदार पानसिंग तोमर मुरैनाचेच. स्टीपलचेसचे राष्ट्रीय विजेते, १९५८ च्या टोकियो एशियाडमध्ये देशासाठी धावलेले. निवृत्त होऊन गावी आले, जमिनीच्या भांडणात सापडले, बागी होऊन चंबळच्या दऱ्यांत, बीहडात, उतरले आणि १९८१ मध्ये पोलिसांच्या गोळीनं गेले. त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे कारण त्यांनी बंदूक उचलली. बाकीचे बंदूक उचलत नाहीत. गप्प होतात, आणि एक दिवस ग्वाल्हेरची गाडी पकडतात.

गणवेशातल्या माणसाचं असं होऊ शकतं हे आपण डोळ्यांनी पाहिलेलं आहे. २०२० च्या नोव्हेंबरात, पोटनिवडणुकीच्या मतमोजणीच्या रात्री, आपल्याच शहरात दोन पोलीस अधिकाऱ्यांनी फुटपाथवर कुडकुडणाऱ्या एका माणसाला बूट आणि जाकीट दिलं. तर त्यानं त्यांतल्या एकाला नावानं हाक मारली. तो त्यांच्याच बॅचचा, कधीकाळचा पोलीस अधिकारी निघाला. मन बिघडलं, नोकरी गेली, मग वर्षानुवर्षं रस्ता. देशभर बातमी झाली, आपण हळहळलो, एकमेकांना व्हॉट्सॲपवर पाठवली. पण फुटपाथवरच्या इतरांना, तुम्ही कोण होतात, हे विचारायचं कोणाच्याच डोक्यात आलं नाही, माझ्यासुद्धा.

उलट मी एकाला परत पाठवलेलं आहे. साल सांगत नाही. नोव्हेंबरातच, खिडकीपुढे एक दाढी वाढलेला माणूस आला. डिस्चार्ज बुक नाही, पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची, झेरॉक्स नाही, ओळखपत्र नाही. म्हणाला, पेन्शन बंद झाली आहे. मी म्हटलं, "कागद घेऊन या." मागे चाळीस माणसं होती आणि नियम माझ्या बाजूला होता. तो "जी मॅडम" म्हणून गेला, तो गेलाच. मी हे पत्र का लिहिते आहे असं कोणी विचारलं तर समाजसेवा वगैरे म्हणू नका, हे एवढं सांगा.

जानेवारीनंतर मी दर बुधवारी शहरातल्या दोन-तीन बसेऱ्यांत जाते आणि नाव विचारण्याआधी "फौज में थे क्या?" विचारते. माझ्याबरोबर कोणी नाही, गणनेचा माझा दावा नाही. चौघं भेटले. पहिल्यांची गोष्ट सांगितली. दुसरे हवालदार होते आणि त्यांना पेन्शन आहे, किंवा होती. हयातीचा दाखला गेला नाही म्हणून थांबली. पूर्वी बँकेत येऊन सही केली की भागायचं. आता 'स्पर्श' नावाची संगणकाची व्यवस्था आहे, तिला आधार लागतं, त्याला जोडलेला मोबाइल लागतो, बोटाचा ठसा उमटावा लागतो. हवालदारांचा मोबाइल पुतण्याकडे, एटीएम कार्ड पुतण्याकडे आणि घरही पुतण्याकडेच. मी मोठ्या उत्साहानं समजावलं की पेन्शन बुडत नाही, दाखला दिला की थकलेल्या रकमेसकट सुरू होते, चला उद्याच जाऊ. ते शांतपणे म्हणाले, "फिर भतीजा आ जाएगा लेने."

त्या वाक्यानं माझा सगळा हिशेब उलटला. मी तोवर धरून चालले होते की प्रश्न पैशांचा आणि कागदांचा आहे, आणि कागद हे तर माझं माहेर. पण ज्या माणसाला रात्री लावायला कडी नाही, त्याच्या हातात पैसे देणं म्हणजे त्याला मारायला माणूस बोलावणं. आधी आतून लागणारं दार हवं, मग पासबुक.

तिसरे सीमा सुरक्षा दलातले. टेकनपूरच्या अकादमीचं नाव काढलं की अजून त्यांचा चेहरा उजळतो. कायद्याच्या भाषेत ते 'माजी सैनिक' नाहीत, त्यामुळे सैनिक कल्याण कार्यालयाच्या दारातूनच परत आले. आपल्या वाड्यात मला हा भेद नको आहे. चौथे डिसेंबरात दिसले नाहीत. त्यांची पिशवी बसेऱ्याच्या चौकीदारानं अजून ठेवली आहे.

सरकार काहीच करत नाही असं नाही, आणि तसं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालते. पेन्शन नसलेल्या, पासष्ट वर्षांवरच्या, हवालदार किंवा त्याखालच्या माजी सैनिकाला केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दरमहा मदत मिळते. ती ४,००० रुपये होती, २०२५ च्या नोव्हेंबरपासून ८,००० झाली. चांगली रक्कम आहे. पण तिला डिस्चार्ज बुक लागतं, बँकेचं खातं लागतं, आधार लागतं आणि त्या सगळ्यावर एक पत्ता लागतो. 'फलाट क्रमांक १, पाण्याच्या नळाशेजारी' हा पत्ता कोणताही फॉर्म घेत नाही. माजी सैनिकांच्या दवाखान्यांची ईसीएचएस योजना २००३ पासून आहे आणि उत्तम आहे, पण मुळात पेन्शनवाल्यांसाठी. लष्कराची गृहनिर्माण संस्था १९७८ पासून घरं बांधते, ती ज्याच्याजवळ हप्ते भरायला पैसे आहेत त्याच्यासाठी. म्हणजे जिन्याच्या वरच्या पायऱ्या सगळ्या पक्क्या आहेत, पहिलीच नाही. आणि यापुढे चार वर्षं नोकरी करून पेन्शनशिवाय घरी येणाऱ्या अग्निवीरांच्या तुकड्या दरवर्षी सुटतील. बहुतेक पोरं कामाला लागतील, देव करो आणि सगळीच लागोत. पण ज्याचं घर तुटतं, त्याचं वयाच्या पंचविशीतही तुटतं.

रैन बसेरा आहे ना, असंही विचारलं जातं. आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये कान उपटल्यावर दर लाख वस्तीमागे एक बारमाही बसेरा असा दंडक झाला, माणशी ५० चौरस फूट जागा असावी असं केंद्राच्या योजनेत लिहिलेलं आहे. बसेरा थंडीत जीव वाचवतो. पण तिथे रात्रभर दिवा जळतो, दर तासाला कोणी येतं, कोणी ओरडतं, आणि ज्याची झोप आधीच मोडलेली आहे तो माणूस भिंतीला पाठ लावून पहाट करतो. पहिले काका तर झोपतच नाहीत, पहारा देतात. चौकीदाराला वाटतं बरं झालं, फुकटचा गडी मिळाला.

बाहेरच्या देशांत काय केलं ते थोडं वाचलं आहे, तेही सांगते. अमेरिकेत एका रात्रीच्या मोजणीत बेघर माजी सैनिक २०१० मध्ये ७४ हजारांवर निघाले होते, २०२४ मध्ये ३३ हजारांच्या आत आले. अजून ३३ हजार आहेत, तेव्हा आरती ओवाळायची गरज नाही. पण निम्म्याहून कमी झाले ते एका साध्या जोडणीमुळे. १९९२ पासून तिथे गृहखातं भाड्याची चिठ्ठी देतं आणि माजी सैनिकांचं खातं एक माणूस देतं. चिठ्ठी घरमालकाला पोचते, माणूस भाडेकरूला भेटत राहतो, औषध घेतलं का, कागद भरला का बघतो. भाडेकरूनं आपल्या मिळकतीतला साधारण तीस टक्के हिस्सा भरायचा. २००८ नंतर ही योजना मोठी केली आणि आकडा उतरू लागला. कॅन्सस सिटीत काही माजी सैनिकांनीच पुढे होऊन ४९ छोटी घरं बांधली, एकट्या माणसाचं घर २४० चौरस फुटांचं, म्हणजे आपल्या वाड्यातल्या माजघराएवढं. आत पलंग, ओटा, न्हाणी, आणि दाराला स्वतःची किल्ली. मधोमध सगळ्यांसाठी एक इमारत, तिथे डॉक्टर, दातांचा डॉक्टर, कागद बघणारे. आणि ज्यांना सरकारी नियमांत 'माजी सैनिक' म्हणून जागा मिळत नाही त्यांनाही ते घेतात, फौजेची शपथ घेतली होती एवढं पुरे. हे वाचताना मला आपले टेकनपूरवाले आठवले.

तिकडे एक गोष्ट पक्की झाली आहे आणि तीच आपल्याला जड जाणार आहे. आधी खोली, मग बाकीचं. दारू सुटली तर खोली, औषध घेतलं तर खोली, असं नाही. फिनलंडनं २००८ पासून हेच धोरण धरलं, मोठाली वसतिगृहं मोडून त्यांच्या छोट्या सदनिका केल्या. पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्यातली भजनी मंडळवाली बाई चिडली. वाड्यात देवघर असणार आणि तिथे बाटली? मग विचार केला, आपल्या स्वतःच्या घरांत दारू सोडण्याच्या अटीवर कोणाकोणाला झोपायला मिळतं? नावं घेत नाही, रांगेत वास यायचा. दार आतून लावून चार रात्री सलग झोप झाली की माणूस स्वतःच डॉक्टरकडे जायचं म्हणतो, असं तिकडच्यांचा अनुभव सांगतो. माझी अट एवढीच, की चौकात पिऊन गोंधळ नको. तो नियम तर चाळीतल्या कोणत्याही किरायेदाराला असतोच.

हे अगदीच परकं नाही. पुण्याला खडकीला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ पासून जायबंदी सैनिकांना धंदा शिकवते आहे, आणि तिथलंच पॅराप्लेजिक केंद्र १९७४ चं. मणक्याला गोळी लागलेले जवान तिथे राहतात, काम करतात, व्हीलचेअरवर खेळतात. पाठीची जखम दिसते म्हणून तिच्यासाठी घर झालं. मनाची आणि घर तुटल्याची जखम एक्स-रेत येत नाही.

तर वाड्यात काय असेल. सहा खोल्या, प्रत्येक दाराला वेगळं कुलूप, किल्ली राहणाऱ्याकडे. एक न्हाणीघर नीट, दोन संडास, एक सामाईक स्वयंपाकघर. पाहुण्यांना बसायला ओटी, पुतणे आले तर तिथूनच परत. दाराबाहेर पाटी नको. 'निराधार आश्रम' असली पाटी लागली तर मी स्वतः उतरवीन. पत्त्यात घर नंबर आणि गल्ली, बस. पहिल्याच आठवड्यात त्या पत्त्यावर आधार आणि खातं. एक पगारी माणूस, शक्यतो निवृत्त नायब सुभेदार किंवा हवालदार-क्लार्क, ज्याला रेकॉर्ड ऑफिसची भाषा येते आणि जो आवाज न चढवता "उठो जवान" म्हणू शकतो. आठवड्यातून एकदा मानसिक आरोग्यशाळेतले किंवा जयारोग्य रुग्णालयातले डॉक्टर आले पाहिजेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात वस्तीत राहून उपचार मिळण्याचा हक्क लिहिलेला आहे, तेव्हा ही भीक नव्हे.

पैशांचं थोडक्यात. ज्यांची ८,००० ची मदत सुरू होईल त्यांच्याकडून तीस टक्के म्हणजे २,४०० किराया. सहाही जणांचं सुरू झालं तर महिन्याला १४,४००. त्यात त्या पगारी माणसाचा बराचसा पगार निघतो, वीजबिल आणि धान्य निघत नाही. ते आपल्याला उभं करायचं आहे. गणेशोत्सवाच्या मांडवावर जे खर्च होतं ते मला माहीत आहे, वर्गणीच्या पावत्या मीच फाडल्या आहेत. वधूवर मेळावा एक वर्ष साध्या जेवणावर झाला तर मुलं काही अविवाहित राहणार नाहीत.

वाड्याच्या मालकांची खरी भीती मला ठाऊक आहे, ती दारूची नाही, कब्ज्याची आहे. १९६१ च्या किराया कायद्याखालचे तीन पिढ्यांचे किरायेदार, महिन्याला दहा रुपयांचा मनीऑर्डर किराया, आणि कोर्टाच्या तारखा. म्हणून करार माणसाशी करायचाच नाही. करार संस्थेशी, मुदत पाच वर्षं, मुदत संपल्यावर वाडा परत देण्याची हमी विश्वस्तांच्या सह्यांनी. खोली बदलली तरी माणसाची सोय संस्था बघेल, मालकाच्या डोक्यावर ते ओझं नाही. वर वाड्याचं छत आणि पन्हळ दुरुस्त करून देऊ. भाऊबंदकीचा दावा चालू असेल तर सगळ्या वाटेकऱ्यांची संमती लागेल. मी चार ठिकाणी फोन करायला तयार आहे, न्यू जर्सीलासुद्धा, वेळेचा फरक बघून.

आणखी एक प्रश्न कोणीतरी विचारणारच, म्हणून मीच विचारते. त्यांत मराठी किती? चौघांत एकही नाही. एक भदावरचे ठाकूर, एक बुंदेलखंडी, टेकनपूरवाले मूळचे बिहारचे, आणि जे दिसेनासे झाले त्यांनी गाव सांगितलंच नाही. पण ज्या कंपूच्या नावाच्या पेठेत आपण भाजी घेतो, त्या महादजींच्या कंपूंत तरी किती मराठी होते? पलटणी हिंदुस्थानी शिपायांच्या, आणि कवायत शिकवणारा डी बॉईन तर युरोपातल्या सावॉयचा. माझे आजोबा ग्वाल्हेर इन्फंट्रीत होते. त्यांची पलटण पुढे कुमाऊँ रेजिमेंटमध्ये गेली आणि ते मरेपर्यंत कुमाऊँनी शिव्या देत होते. फौजेनं जात-भाषा विचारून शेजार दिला नाही, वाड्यानंही विचारू नये.

सात डिसेंबरला ध्वजदिनाचा डबा घेऊन शाळेची मुलं येतील, आपण छातीला कागदी झेंडा टोचून घेऊ. मला त्याआधी उत्तर हवं आहे. दसऱ्याला संध्याकाळी मांढऱ्यांच्या मातेकडे शमीला आपण सगळे येताच, तिथे मी पायऱ्यांच्या डाव्या हाताला उभी असेन, खिडकीवर असायची तीच करड्या रंगाची शाल. होकार असेल तर नुसतं "बघून जा" म्हणा, दुसऱ्या दिवशी सुतार आणि प्लंबर घेऊन येते. नकार असेल तरी सांगा, मी यादीतल्या पुढच्या घरी जाईन.

फक्त एक. वाडा दाखवताना आधी तळमजला दाखवा. आपल्या वाड्यांचे जिने उंच आहेत आणि हवालदारांचा उजवा गुडघा वाकत नाही.

कळावे, लोभ असावा,

पेन्शनच्या खिडकीवरची एक निवृत्त बाई,
लष्कर, ग्वाल्हेर